गुडघा झाकला, खुबा उघडाच

लांज्याहून एका वाचकांचं पत्र आलंय. ते लिहितात:

‘माझी ३५० सीसीची गाडी आहे. कामासाठी महिन्यातून दोनदा पनवेल गाठावं लागतं, म्हणजे एका बाजूने तीनशे किलोमीटरच्या आसपास. आजवर साधी जीन्स आणि वरून पट्ट्यांचे नी-गार्ड घालत आलो. गणपतीच्या आधी चिपळूणच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर गाडी घसरली. वेग फार नव्हता. गुडघे वाचले, पण उजवा खुबा आणि मांडीची बाजू सोलून निघाली, जीन्स तिथे पार फाटली. आता चांगली पँट घ्यायची आहे, बारा हजार बाजूला काढलेत. दुकानदार तीन प्रकार दाखवतो: केव्हलार लावलेली जीन्स, जाळीची मेश पँट आणि आत वॉटरप्रूफ लायनर असलेली टूरिंग पँट. तो म्हणतो, तिसरी घ्या, एकात सगळं होतंय. दिवाळीत अलिबागहून सागरी रस्त्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचा बेत आहे, बायको मागे असेल. तिच्यासाठी काय घ्यावं तेही सांगा.’

नमस्कार. जखम एव्हाना भरत आली असेल. जिना चढताना किंवा मांडी घालून बसताना खुब्यात अजून कळ येत असेल, तर आधी एक्स-रे काढून घ्या. पँट आठ दिवसांनी घेतली तरी चालेल.

अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. नी-गार्डने आपलं काम चोख केलं. पण गाडी आडवी होते तेव्हा माणूस नुसत्या गुडघ्यावर पडत नाही. गुडघा टेकतो, पाठोपाठ खुबा आपटतो आणि पुढचं सगळं घसरणं मांडीच्या बाहेरच्या बाजूवर नाही तर बुडावर होतं. नी-गार्ड यातला पहिला टप्पा सांभाळतो. उरलेल्या दोन टप्प्यांत मध्ये असते फक्त जीन्स. कोरड्या डांबरी रस्त्यावर ६० च्या वेगाने माणूस घसरला, तर थांबेपर्यंत साधारण २० मीटर जातो आणि त्याला दोन-अडीच सेकंद लागतात. साधं सुती डेनिम खडबडीत डांबरावर सेकंदभरही धड टिकत नाही. पुढचा वेळ कातडी झिजते. ओल्या रस्त्यावर कापड जरा सावकाश झिजतं, पण घसरण लांबते आणि पुढे डिव्हायडर आडवा येतो की मैलाचा दगड, ते आपल्या हातात राहत नाही.

आता दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. तिसरी पँट घेऊ नका. ती वाईट असते म्हणून नव्हे, ती आपल्या हवेसाठी बनलेली नसते म्हणून. तिच्या आत जे वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पातळ पडदा) असतं ते पाणी आत येऊ देत नाही आणि घामाची वाफ बाहेर सोडतं असं सांगतात. खरं आहे, पण एका अटीवर: बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी हवी. वाफ बाहेर ढकलली जाते ती या फरकामुळेच. जुलैत संगमेश्वरला बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, फरक उरतच नाही. मग पँटच्या आत घाम साचतो, मांड्या चिकट होतात, आणि मुंबई-गोवा महामार्गावर शंभर किलोमीटर झाले की पावसाने भिजलात की घामाने हेच कळेनासं होतं. दुसरी अडचण अशी की या पँटचं बाहेरचं कापड पाणी पितंच, पाणी अडतं ते आतल्या थरावर. म्हणजे तासाभरात पँट ओल्या गोधडीसारखी जड होते, मुक्कामी पोचल्यावर रात्रभर पंख्याखाली टाकली तरी सकाळी ओलीच अंगात चढवावी लागते. ऑक्टोबरच्या उन्हात लायनर काढून ठेवला तरी वरचं जाड कापड वारा आत येऊ देत नाही.

केव्हलारची जीन्स शहरात छान. तिच्यातही दोन जाती आहेत. एकीत सगळ्या कापडाच्या विणीतच मजबूत धागा असतो, दुसरीत आतून गुडघ्याला आणि बुडाला अरॅमिडचे (केव्हलारच्या जातीच्या मजबूत धाग्याचे) तुकडे लावलेले असतात. पँट उलटी करून बघा: अस्तर गुडघ्यापाशी सुरू होऊन गुडघ्यापाशीच संपत असेल, तर तुमचा खुबा पुन्हा उघडाच. चांगल्यापैकी जीन्स घेतली तरी वरचं कापड सुतीच राहतं, आणि पावसाळ्यात कोकणात साधी जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, मग ही दुहेरी जाडीची कधी वाळणार? तीनशे किलोमीटरच्या फेरीला ती तुमच्या कामाची नाही.

उरली मेश. आमचं मत तिच्याच बाजूने आहे, पण सगळी जाळीची नको. मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पोटरीवर जाळी, आणि गुडघा, खुब्याची बाजू, बूड इथे घट्ट विणीचं जाड कापड (५०० किंवा ६०० डेनिअरचं नायलॉन, किंवा त्या तोडीचं; डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) अशी पँट शोधा. पँट उजेडाकडे धरली की पाच सेकंदांत कळतं: खुब्याच्या बाजूने पलीकडचं दिसत असेल तर ठेवून द्या. वारा पुढून आत येतो तसा मागून बाहेर पडायला मांडीच्या मागच्या बाजूलाही थोडी जाळी असली तर आत गार वाटतं, नसली तर पँट फुग्यासारखी फुगते. आणि पावसासाठी वरून घालायची वेगळी रेनपँट. ऊन असेल तेव्हा वारा, पाऊस असेल तेव्हा रबरासारखं आवरण, आणि आतली पँट दोन्ही वेळा तीच.

लेबलाकडे वळू, कारण दुकानात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पॅकेटवर ‘सीई आर्मर’ असं ठळक लिहिलेलं असतं (सीई हे युरोपातल्या मान्यतेचं चिन्ह). ते फक्त आतल्या पॅडबद्दल असतं. पँटच्या कापडाची आणि शिवणीची चाचणी झालीय असा त्याचा अर्थ नाही. पँटची चाचणी झाली असेल तर आत शिवलेल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, ईएन १७०९२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि वर्ग छापलेला असतो. या चाचणीत कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राला लावून ठरावीक वेगाने काँक्रीटच्या लादीवर सोडतात. खुबा-गुडघ्यासारख्या धोक्याच्या जागी ‘एएए’ वर्गाचं कापड १२० च्या वेगाला, ‘एए’ ७० ला आणि ‘ए’ ४५ ला भोक न पडता टिकावं लागतं. ‘बी’ म्हणजे ‘ए’ इतकंच कापड पण पॅड नाहीत, आणि ‘सी’ म्हणजे नुसती पॅड धरून ठेवणारी जाळीची आतली पँट, तिला घासण्यापासून काहीच संरक्षण नाही. हे दोन वर्ग स्वस्त दिसतात म्हणून चुकून घरी येतात. तुम्ही ‘एए’ मागा. ‘एएए’ बहुधा चामड्याच्या किंवा फार जाड पँटला मिळतो. तो घालून मे महिन्यात पनवेलला जाणं झेपायचं नाही, आणि न झेपणारी पँट चार फेऱ्यांनंतर कपाटात जाते. चामडं तर आपल्याकडे नकोच. पावसाळ्यात त्यावर बुरशीची पांढरी भुकटी धरते ती पुसून-पुसून माणूस थकतो. बजेटमध्ये ‘एए’ मिळालीच नाही तर ‘ए’ घ्या, पण त्यात गुडघा आणि खुबा, दोन्ही जागचे पॅड हवेतच.

पॅडवर वेगळा क्रमांक असतो, ईएन १६२१-१. पॅड पँटमधून बाहेर काढून वाचा. गुडघ्याच्या पॅडवर ‘के’ हे इंग्रजी अक्षर असतं, खुब्याच्या पॅडवर ‘एच’. शेजारी लेव्हल १ किंवा २. आपटल्यावर लेव्हल १ चा पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोर मोजायचं एकक) जोर पलीकडे जाऊ देतो, लेव्हल २ चा २० पर्यंत. हा फरक फार मोठा आहे, आणि नुसत्या गुडघ्याच्या पॅडची जोडी बदलून तो साधता येतो, म्हणून पँटच्या खिशाचं माप आणि बाजारात मिळणाऱ्या लेव्हल २ पॅडचं माप जुळतं का ते विचारून घ्या. आणखी एक खूण आपल्यासाठी महत्त्वाची: ‘टी+’. हे मऊ पॅड उन्हात जास्तच मऊ पडतात. ‘टी+’ असेल तर पॅड ४० अंशांनाही तपासलाय असं समजा. ‘ए’ आणि ‘बी’ हे इथे आकाराचे प्रकार आहेत. ‘ए’ लहान, ‘बी’ मोठा. तुमची अंगकाठी बारीक नसेल तर ‘बी’. काही पँटमध्ये खुब्याला खिसा असतो आणि आत थर्माकोलसारखा पांढरा फोम ठेवलेला असतो, त्यावर काहीच छापलेलं नसतं. तो फक्त खिसा रिकामा दिसू नये म्हणून असतो. तो काढून खरा पॅड घाला.

एवढं सगळं बरोबर असलं तरी पँट अंगावर नीट बसली नाही तर पैसे वाया. पँट बघताना लोक आरशासमोर उभे राहतात, आणि चूक तिथेच होते. उभं राहिल्यावर गुडघ्याचा पॅड वाटीच्या खाली लोंबतो, तो तसाच लोंबायला हवा. दुकानाबाहेर तुमची गाडी उभी असेल, तिच्यावर बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा. आता गुडघ्याची वाटी पॅडच्या वरच्या खोलगट भागात बरोबर बसली पाहिजे आणि पॅडची शेपटी नडगीवर चार बोटं तरी खाली गेली पाहिजे. पॅड चिमटीत धरून डावी-उजवीकडे पिळून बघा. वाटी उघडी पडेपर्यंत फिरत असेल तर पडताना पहिल्या झटक्यात तो बाजूला जाईल. गुडघ्याखाली पट्टा असेल तर आवळून पुन्हा पिळा. चांगल्या पँटमध्ये पॅडचा खिसा वेल्क्रोने वर-खाली सरकवता येतो, ही सोय मागूनच घ्या. खुब्याचं तसंच: बसल्या जागी बाजूला बोटांनी दाबलं की जे टणक हाड लागतं, पॅडचा मध्य त्यावर यायला हवा. बऱ्याच पँटमध्ये तो वर, कमरेच्या हाडाकडे येतो. तुमची जखम नेमकी कुठे होती ते तुम्हाला माहीतच आहे, तिथेच बोट ठेवून तपासा.

बसल्यावर पँट सात-आठ सेंटीमीटर वर चढते, म्हणून रोजच्या पँटपेक्षा तेवढी लांब घ्या. मोहरी बुटाच्या वरच्या कडेवर निदान चार बोटं यायला हवी. लांबी जास्त झाली तर शिंप्याकडून खालूनच कमी करून घ्या, गुडघ्यावरची एकही शिवण उसवू देऊ नका. कमरेला दोन बोटं जातील एवढी जागा पुरे. तीन तास पुढे वाकून बसल्यावर बटण पोटात रुततं, ते दुकानात पाच मिनिटांत कळत नाही. मोहरी फार रुंद नको. थांबताना ती फूटरेस्टमध्ये किंवा किकमध्ये अडकली की पाय जमिनीवर पोचत नाही आणि गाडी उभ्याउभ्या अंगावर येते. तुमच्या गाडीचा सायलेन्सर बहुधा उजवीकडे असेल, तर उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला चामड्याचा किंवा अरॅमिडचा तुकडा आहे का ते पाहा. नायलॉन तापल्या सायलेन्सरला चिकटून वितळतं.

रेनपँट स्वस्तातली चालेल, पण तीन गोष्टी बघून. रायडिंग पँटपेक्षा एक माप मोठी घ्या, नाहीतर पॅडवरून चढत नाही. बाजूची चेन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तरी उघडायला हवी, म्हणजे बूट न काढता घालता येते. आणि शिवणींवर आतून टेप हवी. गळती नेहमी एकाच जागी होते, जांघेत. बसल्यावर मांड्यांच्या मध्ये खळगा होतो, त्यात पाणी तळ्यासारखं साठतं आणि चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथून झिरपतं. त्यामुळे घरी आणल्यावर ही परीक्षा घ्या: आत साधी पँट, जांघेत वर्तमानपत्राचा कागद, वरून रेनपँट. अंगणात गाडीवर बसा आणि घरातल्या कुणाला मांडीवर दोन तांबे पाणी सावकाश, दहा मिनिटं लावून ओतायला सांगा. मधूनमधून पाय हलवा. कागद कोरडा राहिला तर ठेवा, ओला झाला तर लगेच परत करा. मोहरी बुटाच्या बाहेर ठेवायची, आत खोचली तर सगळं पाणी बुटात उतरतं. जॅकेट पँटच्या वर घ्यायचं, आत नाही. आणि पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका. कशेडीकडे काळं दिसायला लागलं की पोलादपुरात पेट्रोल पंपावर थांबून घाला. भर पावसात, ट्रकच्या कडेला एका पायावर उभं राहून पँट चढवणं हाच एक अपघात आहे. उजवा पाय सायलेन्सरपासून जपा. रेनपँट तर लगेच वितळते.

आत सुती काही घालू नका. सुती चड्डी घाम धरून ठेवते, तिची जाड शिवण जांघेत घासते, आणि दमट हवेत तिथे गजकर्ण व्हायला वेळ लागत नाही. पॉलिस्टर किंवा नायलॉनची घट्ट, लांब टाइट्स घाला. तिच्यामुळे पॅडचं अस्तरही कातडीला चिकटत नाही.

पैशांचा साधारण हिशेब असा बसतो: पँटला आठ हजार, खुब्याचे खरे पॅड नसतील तर त्यांना पंधराशे, रेनपँटला अठराशे, टाइट्सला सातशे. दुकानागणिक पाच-सहाशेचा फरक पडेल. कमी पडले तर रंग, खिसे, नाव यांवर तडजोड करा, खुब्याच्या पॅडवर करू नका. रंग राखाडी किंवा काळा. फिकट पँटवरचा जांभ्याच्या मातीचा लाल डाग निघत नाही.

दिवाळीच्या बेताबद्दल. सागरी रस्त्याला महामार्गाचा वेग नाही, पण तिथली पडझड वेगळ्या जातीची आहे. वळणावर पसरलेली लाल खडी, चढावरचं हेअरपिन, आणि जेट्ट्या. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, असं चार वेळा फेरीत गाडी चढवायची आणि उतरवायची आहे. भरतीचं पाणी येऊन गेलेल्या उतारावर शेवाळ असतं, फेरीचा लोखंडी पत्रा ओला असतो. तिथे गाडी घसरते ती पाचच्या वेगाने, आणि पावणेदोनशे-दोनशे किलोचं धूड पायावर येतं. अशा वेळी कापडाचा वर्ग काही करत नाही. गुडघ्याचा पॅड आणि घोटा झाकणारा बूट हेच कामाला येतात. बायकोला उतारावर आधी उतरवा, तिला पायी चढू द्या, आणि तुम्ही पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत, पुढचा ब्रेक न दाबता जा. फ्लोटर घालून हा प्रवास दोघांनीही करू नका.

वहिनींची पँट तुमच्याइतकीच महत्त्वाची. मागे बसणाऱ्याला पडणार हे आधी कळत नाही, हँडल धरलेलं नसतं, त्यामुळे ती बाजूला फेकली जाते आणि खुब्यावरच येते. तुमच्याच पँटचं लहान माप त्यांना देऊ नका. पुरुषांच्या पँटमध्ये गुडघ्याचा खिसा खाली असतो, त्यांच्या अंगावर तो पॅड नडगीवर उतरेल आणि वाटी उघडी राहील. शिवाय खुब्यापाशी आवळेल. बायकांच्या मापाची घ्या आणि बसवून बघताना त्यांना मागच्या सीटवरच बसवा, कारण मागचे फूटरेस्ट उंच असतात, गुडघा जास्त दुमडतो आणि पँटही जास्त वर चढते. सायलेन्सर त्यांच्या पोटरीला तुमच्यापेक्षा जवळ असतो, तेही तपासा. दोघांचे पैसे एकदम जमत नसतील तर तुमची ‘एए’ सोडून दोघांच्या ‘ए’ वर्गाच्या घ्या.

धुण्याचं थोडक्यात. चिखल ओला असताना घासू नका, वाळल्यावर ब्रशने झटका. पॅड काढा, चेन आणि वेल्क्रो लावून घ्या, गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. ब्लीच नको, अरॅमिडचा धागा त्याने कमकुवत होतो. कडक उन्हानेही होतो, म्हणून पत्र्यावर न टाकता सावलीत वाळवा. खाऱ्या वाऱ्याने धातूची चेन गंजते, महिन्यातून एकदा तिच्यावर मेणबत्ती फिरवा. जोरात आपटलेला पॅड वरून ठीक दिसला तरी बदला.

आणि पँट घरी आणलीत की टॅग लगेच काढू नका. टाइट्स, पँट, रेनपँट, बूट असं सगळं चढवून अंगणात गाडी मेन स्टँडवर लावा आणि पाऊण तास बसा, मोबाइल बघत बसलात तरी चालेल. गुडघ्यामागे कापडाची घडी रुतते का, पायाला मुंग्या येतात का, उतरताना पाय सीटवरून सहज येतो का, हे त्या पाऊण तासात कळेल. रुतत असेल तर पट्टा एक खाच सैल करून पुन्हा बसा; तरीही रुतली, तर टॅग शाबूत आहे तोवर बदलून आणा.